नाव यादीत का नाही?

२०२५ च्या जानेवारीत, २१ ते २४ तारखेदरम्यान, तेलंगणात गावोगावी ग्रामसभा भरल्या आणि शहरांत वॉर्डसभा. रयतु भरोसा, इंदिरम्मा आत्मीय भरोसा, इंदिरम्मा घरे आणि नवी रेशन कार्डे अशा चार योजनांच्या याद्या लोकांसमोर वाचायच्या, हरकती ऐकायच्या आणि २६ जानेवारीला वाटपाला सुरुवात करायची, असा बेत होता. बऱ्याच ठिकाणी यादी धड वाचूनही झाली नाही. ‘त्याचे नाव आहे, मग आमचे का नाही?’ या एका प्रश्नावर सभा अडल्या. काही ठिकाणी त्या पोलीस बंदोबस्तात उरकाव्या लागल्या. शेवटी ही यादी अंतिम नाही, ज्यांचे नाव नाही त्यांनी पुन्हा अर्ज करावा, असे सरकारला जाहीर करावे लागले.

अनुदान किती, पेन्शन किती, यावर निवडणुका लढवल्या जातात. पण माणसाच्या हातात काही पडणार की नाही, हे रकमेआधी ठरते पात्रतेवर. हैदराबादेत काचीगुडा असो की चारमिनार, इराणी हॉटेलात बसलेल्या चौघांना या विषयावर मत असते आणि ते बहुधा दोनपैकी एक असते. एक, ‘गाडीवाल्यांनाही रेशनचा तांदूळ मिळतो, कडक तपासणी करा.’ दुसरे, ‘गरिबाचेच कार्ड कट होते, मोठ्यांना कोण हात लावतो?’ गंमत अशी की दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, आणि एकीवर इलाज केला की दुसरी वाढते. चाळणीची भोके बारीक केली की कोंडा अडतो, पण दाणेही अडतात. भोके मोठी केली तर दोन्ही खाली पडतात. हैदराबादेत सरकारने वेगवेगळ्या योजनांना वेगवेगळी चाळणी लावली आहे. ती एकेक करून पाहिली की या भांडणाचे मूळ दिसते.

सगळ्यात मोठ्या भोकांची चाळणी बसमध्ये आहे. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणाच्या रहिवासी महिलांना, मुलींना आणि तृतीयपंथी व्यक्तींना आरटीसीच्या, म्हणजे राज्य परिवहन महामंडळाच्या, साध्या आणि एक्स्प्रेस बसमधून फुकट प्रवास आहे. शहरात सिटी ऑर्डिनरी आणि मेट्रो एक्स्प्रेस. कंडक्टर आधार कार्डावरचा पत्ता पाहतो आणि शून्य रुपयांचे तिकीट देतो. ते तिकीट घ्यायलाच हवे, कारण अशा तिकिटांच्याच हिशेबावर महामंडळ सरकारकडून पैसे मागते. उत्पन्नाचा दाखला नाही, अर्ज नाही, यादी नाही. कोठीहून कुकटपल्लीला धुण्याभांड्याला जाणारी बाई आणि सचिवालयातली अधिकारी बाई एकाच बसमध्ये, एकाच शून्य तिकिटावर. नांदेडहून मुलीकडे आलेली आजी मात्र पूर्ण तिकीट काढते, कारण तिच्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असतो.

‘पगारदार बायकांना फुकट कशाला?’ ही हरकत पहिल्या दिवसापासून आहे. तिला उत्तर असे की पगारदार बाई शोधून काढायची तर कंडक्टरला प्रत्येकीचा उत्पन्नाचा दाखला पाहावा लागेल आणि बस डेपोतून बाहेरच पडणार नाही. शिवाय गर्दीच्या बसमध्ये उभे राहून जायची तयारी हीच एक गाळणी असते, पैसेवाली बाई बहुतेक आपल्या स्कूटीवरूनच जाते. या योजनेचा खरा फटका बसला तो ऑटोवाल्यांना, आणि त्यांनी त्याच महिन्यात निदर्शने केली. त्यांचे नुकसान पात्रतेच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हते.

दुसरी चाळणी वयाची आणि अवस्थेची. नोव्हेंबर २०१४ मध्ये के. चंद्रशेखर राव यांच्या सरकारने ‘आसरा’ पेन्शन सुरू केले: वृद्ध, विधवा, विणकर, ताडी काढणारे यांना महिना १,००० आणि दिव्यांगांना १,५००. पुढे विडी कामगार आणि एकट्या स्त्रियाही आल्या. २०१९ मध्ये रकमा २,०१६ आणि ३,०१६ झाल्या. वयाची अट ६५ वरून ५७ वर आणली गेली आणि २०२२ मध्ये त्यानुसार नवी पेन्शने मिळू लागली. ही चाळणी वरवर सोपी दिसते, कारण वय लपवता येत नाही. पण ज्याच्या जन्माची कुठे नोंदच नाही, त्याचे वय म्हणजे आधार काढताना समोरच्या ऑपरेटरने टाकलेला आकडा. साठीची बाई कागदावर एक्कावन्न वर्षांची निघाली की तिने सहा वर्षे थांबायचे. शिवाय एका घरात वृद्धापकाळाचे पेन्शन एकालाच. नवरा-बायको दोघेही थकलेले असले तरी सरकारच्या लेखी म्हातारपण एकच.

केंद्र सरकारचा यातला वाटा पाहण्यासारखा आहे. ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी केंद्र महिना २०० रुपये देते आणि हा आकडा वर्षानुवर्षे हललेला नाही. उरलेले सारे राज्याच्या खिशातून. म्हणून प्रत्येक निवडणुकीत पेन्शनवर बोली लागते. २०२३ मध्ये काँग्रेसने ४,००० चे वचन दिले, ते याच लिलावातले.

आता रेशन कार्ड. खरी मारामारी इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

संयुक्त आंध्रात एन. टी. रामाराव यांनी १९८३ मध्ये दोन रुपये किलो तांदूळ दिला, तेव्हापासून तेलुगू मुलुखात कार्ड म्हणजे राजकारण. पुढे हे गरिबांचे पांढरे कार्ड फक्त तांदळापुरते राहिले नाही. २००७ मध्ये मोफत उपचारांची ‘आरोग्यश्री’ योजना आली आणि मोठ्या ऑपरेशनसाठी पांढरे कार्ड लागू लागले. तांदूळ न उचलणारे लोकही कार्ड जपून ठेवायला लागले, ते या कारणाने. आजही तेच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत वीजबिल शून्य, पण घरात रेशन कार्ड हवे. ५०० रुपयांत गॅस सिलिंडर, त्यालाही कार्ड. २०२४ च्या पीक कर्जमाफीत ‘कुटुंब’ कोणते हे ठरवायलाही कार्डाचाच आधार घेतला गेला. त्यावर ओरड झाली, तेव्हा मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांना खुलासा करावा लागला की कार्ड फक्त कुटुंब ओळखण्यासाठी आहे. म्हणजे कार्ड गेले की फक्त तांदूळ जात नाही, त्याच्यामागे आणखी चारपाच दारे बंद होतात.

(गृहज्योतीचा आणखी एक चटका: २०० युनिटला शून्य आणि २०१ झाले की पूर्ण बिल. मे महिन्यात हैदराबादेत कूलर लावणाऱ्या घराला ही पायरी चांगलीच माहीत असते.)

कार्डाची अट कागदावर साधी आहे. शहरात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत, खेड्यात दीड लाखाच्या आत. ओलिताची जमीन साडेतीन एकरांपेक्षा कमी, कोरडवाहू साडेसातपेक्षा कमी. राज्य स्थापन झाले तेव्हा, २०१४ मध्ये, ही मर्यादा शहरात ७५ हजारांवरून दोन लाखांवर नेली गेली. तेव्हा ती उदार होती. २०२५ च्या नव्या कार्डांनाही तीच लावली गेली. दोन लाखांना बाराने भागले की महिना १६,६६६ रुपये येतात. नवरा अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमन, १२,००० पगार. बायको दोन घरची कामे करते, ५,०००. एक खोली भाड्याची, दोन मुले. हे कुटुंब नियमाने अपात्र! त्यांना कार्ड मिळते ते दाखल्यावर उत्पन्न कमी लिहिले म्हणून. ज्या नियमात बसायला प्रामाणिक गरिबालाही थोडे खोटे बोलावे लागते, त्या नियमात बड्यांनी खोटे बोलल्याचा राग कोणी कुठल्या तोंडाने करायचा?

अर्जाची वाट अशी. मी-सेवा केंद्रात अर्ज, आधार, पत्त्याचा पुरावा, तिथून पावती. अर्ज त्या भागाच्या सर्कल ऑफिसात जातो. निरीक्षकाने घरी येऊन पाहायचे आणि शेवटी मुख्य रेशनिंग अधिकाऱ्याच्या यंत्रणेतून मंजुरी. हे झाले नियमाचे. प्रत्यक्षात अनेक वर्षे अर्ज साचत राहिले. २०२१ मध्ये तीन लाखांच्या आसपास नवी कार्डे निघाली आणि पुन्हा शांतता. मधल्या काळात मुले जन्मली, लग्ने झाली, सुना आल्या. पोराचे नाव कार्डावर नाही म्हणून घरातले तांदळाचे माप तेवढेच राहिले. त्यामुळे २८ डिसेंबर २०२३ ते ६ जानेवारी २०२४ या दहा दिवसांत नव्या सरकारच्या योजनांचे अर्ज घेणारे ‘प्रजा पालना’चे काउंटर उघडले तेव्हा राज्यभरातून सव्वा कोटीच्या वर अर्ज आले. नव्या कार्डांचे वाटप सुरू व्हायला जुलै २०२५ उजाडला.

अर्ज साचण्यापेक्षा वाईट गोष्ट आधीच घडून गेली होती. १९ ऑगस्ट २०१४ रोजी तेलंगणाने एका दिवसात घराघराची पाहणी केली. त्या दिवशी हैदराबादचे रस्ते ओस पडले होते. परगावी कामाला गेलेले लोक नोंदीसाठी गावी परतले होते, कारण घरी नसलो तर नाव जाईल अशी धास्ती होती. मग त्या माहितीला इतर खात्यांची माहिती जोडत ‘समग्र वेदिका’ नावाची संगणक प्रणाली उभी राहिली. वाहन नोंदणी, मालमत्ता कर, वीजजोडणी, सरकारी नोकऱ्या अशा तीसेक खात्यांच्या नोंदी ती एकमेकींशी ताडून पाहते आणि सांगते की हा कार्डधारक मोटारीचा मालक आहे, याचे कार्ड रद्द करा. २०१४ ते २०१९ दरम्यान १८ लाखांहून अधिक कार्डे रद्द झाली, बहुतेकांना नोटीस न देता. दुकानात अंगठा लावला, यंत्राने नकार दिला, आणि तेव्हा कळले.

यंत्र चुकते कुठे, हे हैदराबादकराला समजावून सांगायची गरज नाही. एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर तेलुगूतून, निकाहनाम्यात उर्दूतून आणि लायसनवर इंग्रजीतून, तीन तऱ्हांनी. सय्यद, मोहम्मद, रेड्डी, यादव ही नावे तर गल्लीगल्लीत. घर क्रमांक १८-७ ने सुरू होऊन बाय टू, बाय ए असे शेपूट वाढत जाणारा आणि त्या एका क्रमांकावर चार बिऱ्हाडे. नाव, बापाचे नाव आणि पत्ता ‘बराचसा’ जुळला की प्रणाली दोन माणसांचा एक माणूस करते. या शहरातल्या एका सायकलरिक्षावाल्याचे कुटुंब असेच मोटारमालक ठरले. मोटार मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच कुणाची होती. त्या घराने वर्षानुवर्षे सिद्ध करत बसायचे की आपल्याकडे गाडी नाही. नसलेल्या गाडीचा कागद आणायचा कुठून?

हैदराबादेतल्या कार्यकर्त्यांनी हे प्रकरण न्यायालयात नेले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला सांगितले की रद्द झालेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करा. जुलै २०२२ पर्यंत २ लाख ५ हजार ७३४ अर्ज तपासले गेले, त्यांत १५ हजार ४७१ पात्र निघाले. शंभरात सातआठ. ज्यांना हा आकडा किरकोळ वाटतो त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ही फक्त दारापर्यंत पोचलेली माणसे आहेत. ज्यांनी कंटाळून नाद सोडला, ती कुठल्याच आकड्यात नाहीत. असे प्रकार फक्त आपल्याकडेच होतात असेही नाही. नेदरलँड्समध्ये हजारो पालकांना बालसंगोपन भत्त्यात लबाडी केल्याचे चुकीचे ठरवले गेले आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला त्यापायी राजीनामा द्यावा लागला.

जमिनीच्या बाबतीत वाद उलटा होता. मे २०१८ पासून ‘रयतु बंधू’त एकरी हंगामाला ४,००० आणि पुढे ५,००० रुपये सातबारावर, म्हणजे इथल्या पट्टादार पासबुकावर, मिळू लागले. एकरांना मर्यादा नव्हती. पन्नास एकरवाल्याला पन्नास एकरांचे, फार्महाऊसवाल्यालाही, प्लॉट पाडलेल्या जमिनीलाही. आणि जो ती जमीन कसतो त्या कौलदाराला, म्हणजे खंडकऱ्याला, काही नाही. २०२४ च्या जुलैत नव्या काँग्रेस सरकारने उपमुख्यमंत्री भट्टी विक्रमार्क यांच्या अध्यक्षतेखाली मंत्र्यांची उपसमिती नेमून जिल्ह्याजिल्ह्यांत शेतकऱ्यांनाच विचारले: मर्यादा घालावी का? किती एकर? पात्रतेवर लोकांचे मत असे समोरासमोर विचारण्याचे प्रसंग आपल्याकडे थोडे, म्हणून तो नोंदवण्याजोगा. कुठे पाच एकर तर कुठे दहा एकर अशी मर्यादा सुचवली गेली. ४ जानेवारी २०२५ रोजी मंत्रिमंडळाने निर्णय घेतला तो असा: ‘रयतु भरोसा’ या नव्या नावाने एकरी वर्षाला १२,००० रुपये, लागवडीयोग्य सगळ्या जमिनीला, मर्यादा नाही. रस्ते, लेआउट, खाणी, कारखाने यांखालची जमीन तेवढी वगळली. लोकांना विचारले, लोकांनी सांगितले आणि जड बाजू जिकडे होती तिकडेच तराजू राहिला. भूमिहीनांसाठी १२,००० ची वेगळी योजना, इंदिरम्मा आत्मीय भरोसा, आली, पण तिला रोजगार हमीच्या २० दिवसांच्या कामाची अट. रोजगार हमी खेड्यातली. पहाटे हैदराबादच्या लेबर अड्ड्यावर उभ्या असलेल्या मजुराला ती अट पुरी करण्याची सोयच नाही.

आणखी एक चाळणी आहे, चिठ्ठीची. गरिबांसाठीची सरकारी डबल बेडरूम घरे एक लाख आणि अर्ज त्याच्या कित्येक पट, तेव्हा २०२३ मध्ये शहरात संगणकावर सोडत काढून घरे वाटली गेली. कोल्लूरला अशा १५,६६० घरांची वसाहत आहे. सोडतीबद्दल तक्रारी तुलनेने कमी झाल्या. नशिबाने हरलेला माणूस साहेबाने हरवलेल्या माणसापेक्षा लवकर समजूत घालून घेतो.

मराठी मुलखाला या सगळ्याशी काय घेणे? बरेच आहे. नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद, देगलूर भागातल्या गावांनी ‘आम्हाला तेलंगणात घ्या’ अशी मागणी केली ती रयतु बंधू आणि पेन्शनचे आकडे पाहूनच. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीआधी तिथली मंडळी हैदराबादला येऊन चंद्रशेखर रावांना भेटलीही. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात तर १४ गावांवर दोन्ही राज्यांचा हक्क आहे. तिथल्या अनेकांकडे दोन रेशन कार्डे, दोन मतदार ओळखपत्रे. महाराजगुड्यात एका घरातून सीमा जाते, काही खोल्या या राज्यात आणि काही त्या. त्यांना लबाड म्हणायचे की दोन्ही राज्ये मते मागायला येतात म्हणून दुप्पट पात्र, हे तुम्हीच ठरवा.

आणि महाराष्ट्राने स्वतः काय केले? २०२४ च्या जुलैत ‘लाडकी बहीण’ आली: महिना १,५००, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत, दारात चारचाकी नको, ट्रॅक्टर चालेल. पिवळे किंवा केशरी रेशन कार्ड असले तर उत्पन्नाचा दाखलाही नको. नोव्हेंबरात निवडणूक झाली. जुलै २०२५ मध्ये सरकारने सांगितले की २६ लाख ३४ हजार खात्यांचे पैसे थांबवले आहेत, आणि त्यांत १४ हजारांवर पुरुषही निघाले. चाळणी आधी लावायला हवी होती, ती मतदान झाल्यावर लावली. त्याच राज्यात संजय गांधी निराधार योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागते. रक्कम तेव्हा तीच होती, १,५००. निराधाराला महिना पावणेदोन हजारांत राहून दाखवायचे आणि बहिणीला वीस हजारांची सूट, हे तर्कशास्त्र मला आजवर उमगलेले नाही.

खरे तर चाळणीच न लावता निवड करण्याची एक जुनी रीत महाराष्ट्राचीच आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना लावून धरली: मागेल त्याला काम. उन्हात खडी फोडायला सावकार येत नाही, म्हणून गरीब कोण हे तलाठ्याने ठरवायची गरज उरत नाही. रेशनमध्येही नकळत हेच होत असे. जाड तांदूळ नको असलेले लोक कार्ड असून दुकानात जात नसत. मार्च २०२५ मध्ये, उगादीला, तेलंगणाने माणशी सहा किलो बारीक तांदूळ, ‘सन्न बिय्यम’, द्यायचे जाहीर केले. गरिबाने जाडाभरडा का खावा, हा त्यामागचा विचार मला पटतो. पण त्याबरोबर ती अदृश्य गाळणी गेली. दुकानांपुढे रांगा वाढल्या आणि ‘यांना कशाला?’ हा प्रश्नही.

सुधारणा कोणती करावी, यावर माझे मत सरळ आहे. मर्यादा दोन लाखांची ठेवा की चार लाखांची, पण ती दरवर्षी महागाईबरोबर हलवा. आणि ज्याला एकदा दिले त्याचे काढून घ्यायचे असेल तर तो अपात्र आहे हे सरकारने सिद्ध करावे, त्याने नव्हे. यंत्राने संशय घ्यावा, पण निर्णय घरी जाऊन आलेल्या माणसाने घ्यावा, आणि आधी नोटीस द्यावी. पाचपन्नास गाडीवाले सुटले तरी चालतील.

तोवर वाचकांनी एवढे करावे. मी-सेवाची पावती फेकू नका, तिच्यावरच्या क्रमांकाने अर्ज कुठे अडला ते कळते. कार्ड रद्द झाले किंवा नाव गळले तर कारण लेखी मागा. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे, त्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग यांच्याकडे जाण्याची सोय आहे. हैदराबादेत प्रजा भवनात मंगळवारी आणि शुक्रवारी ‘प्रजावाणी’ या तक्रार कार्यक्रमात अर्ज घेतात. महाराष्ट्राचे कार्ड घेऊन इथे कामाला आलेल्या मजुराला केंद्राच्या वाट्याचे धान्य इथल्या दुकानातूनही घेता येते, आधार जोडलेले असले म्हणजे झाले. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईला हे माहीत नसेल, तर तिला सांगा.